पाकट लागलं तर कोरड्यात आणू नका, घोट्याभर पाण्यातच सोडवा

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राचा गढूळपणा जरा उतरला की आमच्याकडे सगळ्यांचे हात शिवशिवायला लागतात, माळ्यावरचे रॉड खाली येतात, रीलला तेल पडतं, आणि पुढच्या पंधरा दिवसांत व्हॉट्सअपवर एक व्हिडिओ हमखास येतो. कोरड्या वाळूवर परातीएवढं पाकट, म्हणजे शेपटीवर विषारी काटा असलेला तो चपटा मासा, उलटं पडलंय, एकाने चपलेचा पाय शेपटीवर दिलाय, दुसरा गळ उपटतोय, तिसरा शूटिंग करतोय आणि मागून कोणतरी ओरडतंय, काटो बघ रे काटो. मग कोणीतरी कोयत्याने शेपटीच उडवतो, उरलेला जीव पायाने लाटेत ढकलतो आणि खाली कॅप्शन काय, तर कॅच अँड रिलीज, म्हणे पकडून जिवंत सोडलं. वर बदामाचे इमोजी.

आता ह्यात नुसतं निर्दयीपणाचं नाही वाटत मला, मूर्खपणाचं जास्त वाटतं, कारण त्या तिघांपैकी एकजण तरी त्या दिवशी सरकारी दवाखान्यात पोचायच्या लायनीत उभा असतो. किनाऱ्यावरून गरवताना, म्हणजे गळ टाकून मासे धरताना, माणसाला काटा लागतो तो, आणि सोडलेलं पाकट नंतर मरतं ते, दोन्ही बहुतेक वेळा एकाच गोष्टीने होतं. त्याला कोरड्यात आणल्याने. पाण्यात ठेवा, अर्धं काम तिथेच झालं. बाकी जे खाली लिहिलंय ते सगळं ह्याच्याच भोवती आहे.

पाकट म्हणजे इंग्रजीतला स्टिंग रे, काही गावांत वागळी म्हणतात. ह्याला मुद्दाम गरवायला फार कोण जात नाही, आपण जातो तांबोशीसाठी, जिताड्यासाठी, रावस मिळाला तर देव पावला, पण आमिष लावतो कोलंबी, कुर्लीचा तुकडा, तारली किंवा बांगड्याची पट्टी आणि शिसं लावून टाकतो तळाला, आणि तळाला वाळूत कोण बसलेलं असतं तर हा. खालच्या बाजूला तोंड, तोंडात शिंपले-कुर्ल्या फोडणाऱ्या चपट्या दातांच्या पट्ट्या, त्यामुळे आपलं सगळं आमिष त्याच्या आवडीचं. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, म्हणजे देवबागचा संगम, आचरा, भाट्याची काजळीच्या मुखाजवळची बाजू, अशा वाळू-चिखल मिसळलेल्या जागी हे येणारच असं धरून चाला. पावसाळ्यानंतर तर अगदी गुडघ्याभर पाण्यात येतात. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी काटे मारले होते ते आठवत असेल, तेव्हापासून गणपतीत मुंबईत स्टिंग रे आणि जेलीफिशच्या सूचना निघतात, अनवाणी पाण्यात उतरू नका वगैरे. मासा हल्ला करायला आलेला नसतो हो, तो वाळू अंगावर घेऊन झोपलेला असतो आणि त्याच्या पाठीवर आपण पाय देतो.

म्हणून पाण्यात उतरताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. वाळूतून तळवा सरकवत गेलं की त्याला आधीच कळतं आणि तो निघून जातो. बाहेरच्या देशात ह्याला स्टिंगरे शफल म्हणून नाव आहे, आपल्याकडचे रापणकार, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, तसेच चालतात, त्यांना नाव माहीत असायची गरज नाही पडली.

आता काटा. लोकांना वाटतं शेपटीच्या टोकाला विंचवासारखी नांगी असते, तसं नसतं. काटा शेपटीच्या वरच्या अंगाला, बुडापासून थोडं पुढे असतो, त्याच्या पुढे लांबलचक चाबकासारखी शेपटी नुसतीच असते. जातीप्रमाणे जागा बदलते, ठिपक्यांचं ते घारीसारखं पंख मारत पोहणारं पाकट असतं ना, त्याचा काटा अगदी शेपटीच्या बुडात, आणि फुलपाखरी पाकटाची शेपटी एवढीशी आणि काटा असला तर बारका. काही जणांना एकाऐवजी दोन काटेही असतात, जुना पडायच्या आत नवा येतो. काट्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते, आणि ते दाते उलटे, शरीराच्या दिशेने वळलेले, म्हणजे आत जाताना सरळ जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. विषाची वेगळी पिशवी नसते, काट्याच्या खालच्या बाजूला दोन खाचा असतात त्यात विषारी पेशी आणि वरून पातळ कातडीचं आवरण, काटा घुसला की आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं. मासा मेल्यावर पण हे सगळं तसंच असतं, मासळी बाजारात मेलेल्या पाकटाचा काटा लागून हात सुजलेल्या बायका तुम्हाला भेटतील. त्यामुळे काटा छाटून वाळूत टाकून देणारे जे महाभाग आहेत त्यांना माझा कोपरापासून नमस्कार, उद्या तिथे पोरं क्रिकेट खेळणार असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेपटी फक्त मागे चालत नाही. ती वर उचलून पाठीवरून पुढे येते. म्हणजे मी तोंडाकडे उभा आहे म्हणून सेफ आहे हा गैरसमज काढून टाका. त्याच्यावर वाकायचं नाही, ओणवं व्हायचं नाही, दोन पायांच्या मध्ये घ्यायचं नाही. ऑस्ट्रेलियात तो टीव्हीवरचा मगरीवाला स्टीव्ह आयर्विन गेला तो २००६ च्या सप्टेंबरमध्ये, उथळ पाण्यात मोठ्या पाकटाच्या वर पोहत असताना, काटा छातीत. असे मृत्यू फार फार दुर्मीळ आहेत, घाबरवायला नाही सांगत, पण "वर" ही जागा वाईट आहे हे त्यावरून लक्षात राहतं.

सामानाचं आधी बोलून घेऊ कारण सोडवणं सोपं होणार की अवघड हे गळ टाकायच्या आधीच ठरलेलं असतं. तळाला आमिष टाकणार असाल तर सर्कल हुक वापरा, तो वळणाचा गळ बहुतेक वेळा तोंडाच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही. फक्त झटका मारून हुक सेट करायची सवय सोडावी लागते, ताण येऊ द्यायचा आणि रील फिरवायला लागायचं, पहिले काही मासे सुटतील, सुटूदेत. गळाची मागची उलटी धार पक्कडीने चेपून टाका. स्टेनलेसचे गळ घेऊ नका, साधे घ्या, ते माशाच्या तोंडात राहिले तरी गंजून जातात. आणि लाईन बारीक वापरून अर्धा तास झुंजवत बसण्यात काही मर्दुमकी नाही, खाडीच्या तोंडावर जरा जाड विणलेली लाईन आणि चांगला जाड तंगूसाचा लीडर, म्हणजे गळाजवळचा लाईनचा शेवटचा तुकडा, लावा, मासा लवकर येतो, कमी दमतो, आणि कमी दमलेला मासाच पुढे जगतो. बारा-पंधरा पौंडाच्या लाईनवर मोठं पाकट लागलं आणि तुम्ही ते तासभर खेळवून आणलंत तर नंतर कितीही हळुवार सोडा, उपयोग कमीच.

लागलंय ते पाकट आहे हे कळतं कसं? आधी एक जड, संथ खेच, डोकं झटकणं वगैरे काही नाही, आणि मग अचानक सगळं थांबतं. गळ खडकात अडकला असं वाटतं. तो खाली वाळूला चिकटून बसलेला असतो, अख्खं शरीर तळाला दाबून. अशा वेळी रॉड वाकवून जोर लावत बसलात तर लाईन तुटणार आणि तीन-चार मीटर तंगूस तोंडात घेऊन तो फिरणार, ते सगळ्यात वाईट. लाईन ताणून धरा आणि ताणलेल्या लाईनवर बोटाने टिचक्या मारा, किंवा बाजूला आठ-दहा पावलं चालत जाऊन दिशा बदला, किंवा सरळ ढील देऊन जरा थांबा. उठतो. उठला की मात्र थांबायचं नाही, परत बसायच्या आत जेवढा आणता येईल तेवढा आणायचा.

गेल्या सीझनला देवबागला संध्याकाळी मी आणि माझा मावसभाऊ असेच उभे होतो, ओहोटीचा शेवट होता, त्याला असंच एक जड लागलं. ते पार लाटेत आलं तेव्हा कळलं केवढं आहे, दोन हात पसरून सुद्धा पुरलं नसतं, तपकिरी पाठ, आणि शेपटीच्या खाली ती काळी झेंड्यासारखी पट्टी, गाईच्या शेपटीचं म्हणतात ते पाकट. भाऊ मागे सरत सरत वाळूवर चढायला लागला, रॉड हातात, म्हणजे आता ते ओढत वर येणार. जवळच रापणीच्या होडीपाशी एक म्हातारे आजोबा बसलेले, ते बसल्या जागेवरूनच ओरडले, "रे झिला, तेका पाण्यात रवांदे! तू खाली ये!" आणि खरंच तेवढंच करायचं होतं. भाऊ खाली आला, मी बाजूने गेलो, पाणी घोट्याच्या जरा वर, लाट आली की पाकट तरंगायचं, लाट गेली की ओल्या वाळूवर टेकायचं. आजोबा आले ते हातात एक जाडजूड ओलं गोणपाट चार घड्या करून घेऊन, बाजूने वाकून त्यांनी ते शेपटीच्या बुडावर, काट्यावर टाकलं आणि वरून लाकडी वल्ह्याने नुसतं टेकवून धरलं. दाबलं नाही. "घाय करू नको," एवढंच म्हणाले. मी लीडर आखूड धरून पुढची कड टीचभर उचलली, खाली पांढऱ्या पोटावर तोंड, कोपऱ्यात गळ, लांब पक्कडीने धरून आला तसा उलटा फिरवला, निघाला. डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात, ती उघडझाप करत होती, एका लयीत. गोणपाट काढलं, सगळे बाजूला झालो, पुढची मोठी लाट आली आणि ते तिच्याबरोबर मागे न बघता गेलं. एक फोटो नाही. भाऊ आठवडाभर कुरकुरत होता त्याबद्दल.

त्या भोकांबद्दल सांगायचंय. पाकटाचं तोंड आणि कल्ल्याच्या फटी दोन्ही खालच्या बाजूला, वाळूत बसल्यावर तोंडाने पाणी घेतलं तर वाळू जाईल, म्हणून तो वरच्या ह्या भोकांतून पाणी आत घेतो आणि खालून कल्ल्यांतून सोडतो. म्हणजे ते त्याचं नाक समजा. आणि आपल्याकडे पाकट उचलायची सगळ्यात फेमस पद्धत कोणती, तर ह्याच भोकांत दोन बोटं खुपसून, कारण तिथे पकड छान बसते. विकायला नेताना ठीक आहे, तो मेलेलाच असतो. सोडायचा असेल तर ह्या भोकांत बोट नाही, कल्ल्यांच्या फटींत बोट नाही, तोंडात तर नाहीच, ते जबडे शिंपले फोडतात, तुमचं बोट काय. शेपटीला धरून लटकवायचं नाही, मणके कूर्चेचे असतात आणि सगळं वजन शेपटीच्या सांध्यावर येतं. गॅफ, म्हणजे दांड्याचा मोठा आकडा, मारायचा नाही. लाईनला धरून वाळूवरून फरफटवायचं नाही. ह्याला बरगड्या नाहीत, पाण्यात शरीराला आधार असतो तो बाहेर आल्यावर जातो आणि मोठ्या पाकटाच्या आतले अवयव स्वतःच्याच वजनाखाली दाबले जातात. शिवाय पोटाची कातडी मऊ, वाळूने सोलवटते, त्यावरचा बुळबुळीत थर जातो, तो थर त्याचं चिलखत आहे. वरून सुका टॉवेल घेऊन पुसल्यासारखं धरलंत तर तेच, टॉवेल ओलाच पाहिजे.

गळ आत गेला असेल, दिसत नसेल, तर विषय संपला, शोधत बसू नका. लीडर जेवढा गळाजवळ पोचता येईल तिथे कटरने कापा आणि सोडा. पुष्कळ लोकांना दहा-पंधरा रुपयांच्या गळासाठी दहा मिनिटं ऑपरेशन करताना बघितलंय मी, तेही अंधारात, मोबाईल दातात धरून. हेडटॉर्च घ्या बाबांनो, दोन हात मोकळे पाहिजेत.

लहान पाकटाचं, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं, त्याला लांब दांड्याची रबरी जाळी बरी, नायलॉनच्या जाळीत काट्याचे दाते अडकतात आणि मग तो गुंता सोडवायला हात काट्याजवळ न्यावा लागतो, म्हणजे नको ते ओढवून घेतलं. रबरी जाळीत पाण्यातच धरायचं, गळ काढायचा, जाळी पालथी करायची. काहीजण उलटं करून सोडवतात, उलटं केलं की बरीचशी पाकटं सुस्त पडतात हे खरं आहे आणि तोंड समोर येतं हेही खरं. ओल्या वाळूवर, पाण्याच्या कडेला, दुसऱ्याने शेपटीवर ओलं जाड कापड धरलेलं असेल, आणि मिनिटभरात उरकणार असाल तर करा. एकट्याने नाही. सुस्त पडलेलं पाकट शेपटी विसरलेलं नसतं.

गमबूट घातलेत म्हणून निवांत राहणारे पण असतात. काटा रबरातून आरपार जातो. बुटाने शिंपल्यांपासून आणि लहान पाकटाच्या ओझरत्या फटक्यापासून वाचाल, मोठ्यापासून नाही. अंतर हेच खरं संरक्षण, शेपटीच्या लांबीएवढं.

शेपटी किंवा काटा छाटून सोडण्याबद्दल विचारतात लोक. काटा पुन्हा येतो हे ऐकलेलं असतं ना, म्हणून. काटा येतो, शेपटी तोडलीत तर ती येत नाही, जखम तशीच घेऊन तो जातो, आणि काटा छाटायला सुद्धा तुम्हाला तिथे हात न्यावा लागतोच की. मग तेवढा हात गोणपाट टाकायलाच न्या.

सोडताना पाण्यातच तोंड समुद्राकडे वळवायचं, लांबलेल्या हातांनी दोन्ही पंखांच्या पुढच्या कडा हलकेच धरून, बाजूने. त्या भोकांची उघडझाप नीट चालू आहे का बघा, पंखांच्या कडा लहरतायत का बघा. गळपटलेलं असेल तर लगेच लोटून देऊ नका, उथळ लाटेत उलथंपालथं होतं आणि परत वाळूवर येऊन पडतं. जरा खोल, गुडघ्याखालच्या पाण्यात, लाटांच्या मधल्या वेळेत. गेलं की परत येताना तुम्ही पाय घासतच या, तो गेला असेल पण त्याचा भाऊ तिथे नाही असं कोणी सांगितलं.

मादी लागली तर अजून एक गोष्ट होते जी पहिल्यांदा बघताना हादरायला होतं. पाकटं अंडी नाही घालत, पिल्लं देतात, तीही मोजकी, बारक्या जातीची एक-दोनच. पोटात आधी अंड्यातल्या बलकावर वाढतात आणि नंतर आई गर्भाशयातच दुधासारखा स्राव पाजते त्यावर. ओढाताण झाली, कोरड्यात राहिली, पोटावर दाब आला की पाकटीण तिथल्या तिथे पिल्लं टाकते. रापणीत हे दिसतं, घडी घातलेल्या पुरीसारखी गुंडाळलेली पिल्लं वाळूवर पडलेली असतात आणि पोरांना वाटतं आहाहा बाळंतपण झालं. बाळंतपण नाही ते, गर्भपात आहे. पिल्लू पूर्ण वाढलेलं असेल, पोटाला बलकाची पिशवी लोंबत नसेल, तर पाण्यात ठेवल्यावर उलगडतं आणि पोहत जातं, जाऊद्या त्याला. पिशवी असेल तर ते जगायचं नाही बहुतेक, तरी पाण्यातच ठेवा. बांगडा-तारलीसारखी हजारांनी अंडी घालणारी ही जात नाही, त्यामुळे पोट फुगलेली मोठी मादी हातात आली तर मला वाटतं तिथे दुसरा विचारच नको, आणि तिला तर पाण्याच्या बाहेर इंचभरही काढू नका.

आता कोणीतरी म्हणणारच, तू काय पाकट खात नाहीस का. खातो. सुक्या पाकटाचं तिखलं आणि भाकरी असेल तर मी ताटावरून उठत नाही. रापणकाराच्या जाळ्यात आलेलं पाकट त्याने विकलं तर त्याला शिकवायला जाणारा मी कोण, त्याचं पोट आहे त्यावर. मी बोलतोय ते आपल्यासारख्यांबद्दल, जे शनिवार-रविवार पुण्या-मुंबईहून सात-आठ हजाराचा रॉड घेऊन येतात आणि पाकट खाणार नसतात, सोडणारच असतात. सोडणारच आहात तर जगेल असं सोडा. खाणार असाल तर लगेच मारा आणि न्या, तेही प्रामाणिक आहे. अर्धा तास तडफडवून फोटो काढून मग पाण्यात टाकणं हे दोन्हींत बसत नाही. २०२१ मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, खुल्या महासागरातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटलीय म्हणून. त्याला कारण प्रचंड मासेमारी, आपला गळ नाही, मान्य.

पण काही जाती अशा आहेत की तिथे खायचं-सोडायचं हा प्रश्नच नाही, कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली करवत मासे, मोठा गिटारफिश, अंगभर काटे असलेलं साळिंदरासारखं पाकट, गंगेतलं पाकट ही मंडळी आली, २०२२ च्या दुरुस्तीत यादी अजून वाढली. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला, बाळगला, विकला तर ३ ते ७ वर्षं कैद. करवत मासा आता आपल्या किनाऱ्यावर दिसणं म्हणजे दुर्मीळच, पण गिटारफिशची पिल्लं वाळूच्या किनाऱ्यावर गळाला लागतात, पुढून टोकेरी पाकट आणि मागून मुशी असा तो दिसतो. त्याच्या शेपटीला काटा नसतो, त्यामुळे लोक बिनधास्त हाताळतात आणि तिथेच त्याचे हाल होतात. जात ओळखता नाही आली तरी असा आकार दिसला की पाण्यातच गळ कापा आणि सोडा, ओळख परेड नको. मच्छीमार बांधवांसाठी एक माहिती, जाळ्यात संरक्षित प्राणी आला आणि जाळं कापून सोडला तर राज्यात कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाची २०१८ पासून भरपाईची योजना आहे, २५ हजारांपर्यंत, सोडतानाचे फोटो-व्हिडिओ लागतात. तिथे मोबाईल काढा की, तिथे कामाचा आहे.

एवढं करून काटा लागलाच तर. पहिले पाण्यातून बाहेर या, कारण दुखणं इतकं असतं की माणूस गुडघ्याभर पाण्यात कोसळतो. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. पायाला-हाताला लागलं असेल तर जखम गरम पाण्यात बुडवायची, साधारण ४५ अंश, म्हणजे सोसवेल एवढं कडकडीत, भाजेल एवढं नाही, आणि तासभर-दीड तास, थंड झालं की बदलत राहायचं. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने त्याचा जोर मोडतो आणि ठणका झपाट्याने उतरतो. पाणी किती गरम आहे ते दुखणाऱ्या पायाने ठरवू नका, त्याला काही कळत नसतं, सोबतच्या माणसाने स्वतःचा हात घालून बघायचं, नाहीतर काट्याचं बरं होईल आणि भाजल्याचं महिनाभर पुरेल. आमच्याकडे जुने लोक चुलीजवळ पाय शेकायला लावायचे ते उगाच नाही. बर्फ लावायचा नाही. वर घट्ट दोरी बांधायची नाही, साप नाही चावलेला, आणि सापालाही बांधत नाहीत आता. हळद, बिब्बा, पेट्रोल, आणि ते लघवीचं जे कोण सांगतं, काही नाही.

काटा मोडून आत राहिला असेल आणि छाती, पोट, मान, मांडीच्या वरच्या भागात असेल तर तो ओढायचा नाही, आहे तसा धरून सरळ हॉस्पिटल, तिथे गरम पाण्यात वेळ घालवू नका. पायाला लागलेला असला तरी दवाखाना आहेच, धनुर्वाताचं इंजेक्शन, जखम धुणं, आणि डॉक्टरांना सांगून एक्स-रे काढून घ्या, कारण काट्याचा बारीक तुकडा किंवा आवरण आत राहतं आणि पंधरा दिवसांनी जखम पिकते, मग लोक म्हणतात पाकटाचं विष परत उलटलं. उलटत वगैरे नाही, घाण आत राहिलेली असते. ह्यावर सापासारखी लस नाही, त्यामुळे जे काय आहे ते गरम पाणी, वेदनाशामक आणि स्वच्छता. श्वास लागला, चक्कर आली, अंगावर गांधी उठल्या तर मात्र एक मिनिट पण नाही.

आता रात्री दहा वाजता संगमावर गरम पाणी कुठून आणणार हा प्रश्न रास्त आहे. लिटर-दीड लिटरचा एक स्टीलचा फ्लास्क गाडीत उकळत्या पाण्याने भरून ठेवा, आणि एक पसरट टोप किंवा कापलेला कॅन ज्यात पाऊल मावेल, बाजूच्या गार पाण्यात मिसळलं की वाडीतल्या पहिल्या घरापर्यंत जायला पुरेल एवढा वेळ मिळतो, तिथे चूल नाहीतर गॅस असतोच आणि कोकणात पाकट लागलाय म्हटल्यावर कोण दार लावून घेत नाही. आणि तो फ्लास्क चहाचा नाही. आमच्यात एकाने त्यात चहा भरून आणला होता, साखरेसकट. चहाचा वेगळा आणा.